कोच चालला म्हणे

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत कुणी राजीनामा टाकला की ती बातमी एचआरच्या आधी कॅन्टीनला कळते. चाकण-पिंपरीकडून इकडे आलेले मराठी लोक या भागात भेटतात, आणि गाड्यांच्या धंद्यात एका कंपनीतून उठून समोरच्या कंपनीत जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून ‘अमका चालला म्हणे’ असं कानावर आलं की मुरलेला माणूस ‘खरं का?’ असं विचारत बसत नाही. नोटीस पीरियड किती, बॉण्ड आहे का, तिकडे जागा रिकामी आहे का आणि ही गोष्ट बाहेर काढली कुणी, हे तो विचारतो.

खेळातल्या कोचबद्दल मात्र हाच माणूस हे सगळं विसरतो. मोबाइलवर ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ अशी ओळ झळकली की एकतर तो लगेच विश्वास ठेवतो नाहीतर लगेच थापा म्हणून सोडून देतो. दोन्हीची घाई होते. कोच प्रतिस्पर्धी संघाकडे जाण्यामागे एक व्यवहार असतो आणि त्या व्यवहाराला टप्पे असतात. ते माहीत असले तर अफवा खरी की खोटी हे कळलं नाही, तरी ती घडू शकते की नाही एवढं घरबसल्या सांगता येतं.

सुरुवात बास्केटबॉलपासून करू, कारण अमेरिकेतल्या एनबीएमध्ये हा व्यवहार सर्वांत उघडपणे चालतो. तिथे कोच हा संघाचा करारबद्ध नोकर. करार बहुधा काही वर्षांचा असतो आणि मुदतीआधी काढून टाकलं तरी उरलेला पगार साधारणपणे द्यावाच लागतो. करार चालू असेपर्यंत दुसऱ्या संघाने त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही. आधी त्याच्या मालकांकडे परवानगी मागायची. त्यांनी दिली तर पुढचं बोलणं. परवानगीशिवाय बोलणी झाली तर त्याला तिथे ‘टॅम्परिंग’ म्हणतात आणि लीग दंड करते. परवानगी मिळाली तरी ती फुकट नसते. जाऊ देणारा संघ मोबदला मागतो, आणि हा मोबदला बहुतेकदा पैशांपेक्षा ‘ड्राफ्ट’मधल्या पाळीच्या रूपात असतो. दर उन्हाळ्यात नवे खेळाडू निवडण्यासाठी संघांना पाळ्या लावून दिलेल्या असतात. ती पाळी दुसऱ्याला देता येते, म्हणून तिला किंमत असते.

या सगळ्या भानगडीचं गाजलेलं उदाहरण १९९५ चं. पॅट रायली न्यूयॉर्क निक्सचे कोच होते आणि त्यांच्या कराराचं एक वर्ष शिल्लक होतं. १५ जूनला त्यांनी राजीनामा पाठवला, तोही फॅक्सने. मायामी हीट या संघाला रायली हवे होते हे लपून राहिलं नाही. राजीनाम्याच्या दहा दिवस आधीच्या तारखेचा, चौदा मागण्यांचा एक मसुदाही पुढे बाहेर आला. निक्सने टॅम्परिंगची तक्रार ठोकली. उन्हाळाभर भांडण चाललं. अखेर सप्टेंबरच्या सुरुवातीला तडजोड झाली: मायामीने न्यूयॉर्कला दहा लाख डॉलर आणि पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची पाळी दिली, आणि रायली मायामीचे झाले. पुढे १९९७ ते २००० अशी सलग चार वर्षं हे दोन संघ बाद फेरीत एकमेकांसमोर आले. त्या सामन्यांत हाणामाऱ्याही झाल्या. माणूस जाताना वैर मागे ठेवून जातो ते असं.

सगळेच इतक्या कडवटपणे जात नाहीत. २०१३ मध्ये बोस्टन सेल्टिक्सच्या डॉक रिव्हर्स यांच्या कराराची तीन वर्षं उरली होती, पण संघ जुने खेळाडू मोडीत काढून नव्याने उभारणी करायच्या विचारात होता. उभारणीच्या काळात पराभव मोजत बसण्याची रिव्हर्स यांची तयारी नव्हती. लॉस एंजलिस क्लिपर्सने २०१५ ची पहिल्या फेरीची पाळी देऊ केली आणि बोस्टनने त्यांना करारातून मोकळं केलं. याच सौद्यात केविन गार्नेटलाही गुंडाळून न्यावं असा क्लिपर्सचा प्रयत्न होता; लीगने तो हाणून पाडला, कारण कोच आणि खेळाडू एका सौद्यात बांधता येत नाहीत. कोच मिळाला म्हणून क्लिपर्स खूश, पाळी मिळाली म्हणून बोस्टन खूश. त्या पाळीवर बोस्टनने आर. जे. हंटर नावाचा खेळाडू घेतला आणि एका हंगामानंतर त्यालाही सोडून दिलं. २०१४ मध्ये जेसन किड यांचं तर आणखी स्वस्तात झालं. ब्रुकलिन नेट्सकडे एकच हंगाम काढल्यावर त्यांना संघाच्या कारभारात जास्त अधिकार हवे होते. ते मिळेनात, तेव्हा मिलवॉकीने दुसऱ्या फेरीच्या दोन पाळ्या टाकून त्यांना उचललं.

आता उलटी बाजू. जून २०२५ मध्ये निक्सने टॉम थिबोडो यांना काढलं. संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला होता, तरी काढलं. पुढचे काही दिवस बातम्यांना ऊत आला: डॅलसचे किड येणार, ह्यूस्टनचे उडोका येणार, मिनेसोटाचे फिंच, अटलांटाचे स्नायडर, शिकागोचे डोनोव्हन. यातली एकही बातमी हवेतली नव्हती. निक्सने या पाचही संघांकडे खरोखरच परवानगी मागितली होती, आणि पाचही संघांनी नकार दिला. शेवटी नेमणूक झाली माइक ब्राउन यांची. सॅक्रामेंटोने त्यांना आधीच काढलेलं असल्याने ते मोकळेच होते. इच्छा खरी होती, विचारणाही खरी होती, पण कागद दुसऱ्याच्या कपाटात होता. म्हणून अशी बातमी वाचली की कोचच्या मनात काय आहे हे शोधण्याआधी करार कधी संपतो ते बघावं. मनातलं कुणालाच कळत नाही. कराराची मुदत मात्र बऱ्याचदा नेमणुकीच्या जुन्याच बातमीत छापलेली सापडते.

अफवेमुळे माणूस जातोच असं नाही, कधीकधी त्याची किंमत वाढते. जून २०२४ मध्ये लॉस एंजलिस लेकर्सने कनेक्टिकट विद्यापीठाचे कोच डॅन हर्ली यांना सहा वर्षांसाठी सात कोटी डॉलर देऊ केले. चार दिवस अमेरिकेत दुसरा विषय नव्हता. हर्ली यांनी नकार दिला, आणि महिन्याभरात विद्यापीठाने त्यांच्याशी सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा नवा करार केला. हे सगळं ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही. पण समोरच्या कंपनीचं ऑफर लेटर साहेबाच्या टेबलावर ठेवून इन्क्रिमेंट मिळवणाऱ्यांची मानेसरात कमी नाही, त्यामुळे इथल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बातमी बाहेर कोण काढतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. सर्वांत आधी संशय जातो तो कोचच्या एजंटवर. आपल्या माणसाला मागणी आहे हे दिसण्यात त्याचा फायदा असतो. घेऊ पाहणारा संघही बातमी सोडतो, आपल्या चाहत्यांना हालचाल दिसावी म्हणून. ज्याचा कोच आहे तो संघही सोडतो, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कोचला काढायचंच असेल तर ‘तोच जायला बघत होता’ अशी हवा आधीच तयार झालेली बरी असते. एखाद्या नाराज खेळाडूचंही काम असू शकतं. बातमीत कोण चांगला दिसतो आहे हे बघितलं, तर ती कुठून आली याचा निम्मा उलगडा होतो.

आता आपल्याकडे येऊ. व्यावसायिक बास्केटबॉल आपल्याकडे रुजायचा आहे. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए नावाची लीग झाली. तिच्यात पुणे पेशवाज होता आणि हरियाणा गोल्डही होता. पण कोचच्या जाण्यावरून चाहत्यांनी भांडावं इतकं आयुष्य तिला लाभलंच नाही. कोचच्या ये-जाचा हा खेळ बघायचा तर कबड्डीत. मानेसर हे त्यासाठी चांगलं ठिकाण, कारण भोवती हरियाणा आहे. इथे कबड्डी हा टीव्हीवरचा कार्यक्रम नसून गावातल्या पोरांना नोकरी मिळवून देणारा मार्ग आहे, आणि कोणता ‘कोच साब’ कुठे गेला याची खबर पारावर असते.

प्रो कबड्डीत खेळाडूची किंमत सगळ्या देशासमोर पुकारली जाते. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी २.३५ कोटींना घेतलं. पुढच्या हंगामासाठी हरियाणा स्टीलर्सने २.०७ कोटी मोजले, हे शाळकरी पोरालाही तोंडपाठ. कोचचा मात्र लिलाव नसतो. त्याचा करार किती वर्षांचा, पगार किती, मध्येच सोडला तर काय, हे सगळं बंद पाकिटात. संघाच्या खात्यावर एक दिवस ‘थँक यू कोच’ असं चित्र येतं आणि काही आठवड्यांनी तोच माणूस दुसऱ्या रंगाच्या टी-शर्टमध्ये दिसतो. परवानगी मागितली का, मोबदला दिला का, करार संपला होता की मोडला, बाहेरच्या माणसाला कळायला वाव नाही. आपल्याकडे अफवा जास्त टिकतात त्या यामुळे. एनबीएत ‘परवानगी नाकारली’ या दोन शब्दांत विषय संपतो. इथे तो संपवायची जबाबदारीच कुणावर नाही.

तरी वाचायला खुणा आहेत, आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे वेळापत्रक. प्रो कबड्डीत लिलावाच्या टेबलावर कोच बसावाच लागतो. चढाईला कोण, डावा कोपरा कुणाला, कव्हरवर कुणाची जोडी, नवख्या पोरांपैकी कोण ठेवायचं, हे तोच ठरवतो. म्हणून कोचचा बदल व्हायचा तो बहुधा हंगाम संपल्यापासून लिलाव होईपर्यंतच्या फटीत होतो. बाराव्या हंगामाचा लिलाव ३१ मे आणि १ जून २०२५ ला मुंबईत झाला. त्याआधी उठलेली कुजबुज लक्ष देण्यासारखी. लिलाव उरकल्यावर ‘अमका कोच तिकडे’ म्हणणाऱ्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा. एकदा संघ हाताने निवडल्यावर तो सोडून कोण जातो?

दुसरी खूण म्हणजे रिकामी खुर्ची. बी. सी. रमेश यांचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्यांच्या हाताखाली बंगाल वॉरियर्स विजेते झाले. पुढे ते पुणेरी पलटणकडे आले. २०२२ च्या डिसेंबरात पुणे अंतिम फेरीत जयपूरकडून हरलं, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं. असा कोच पुणे सोडेल हे त्या रात्री कुणाला पटलं नसतं. पण अकराव्या हंगामात विजेता पुणे बाद फेरीतही पोहोचला नाही, आणि तिकडे बेंगळुरू बुल्स गुणतक्त्याच्या तळाला गेले. बुल्सकडे पहिल्या हंगामापासून रणधीर सिंग सेहरावत होते. इतकी वर्षं टिकलेली ती खुर्ची हलली. रमेश मूळचे कर्नाटकचे. बाराव्या हंगामात ते बुल्सचे कोच झाले आणि पुण्याची सूत्रं अजय ठाकूरकडे आली. इकडची गाठ सैल झाली होती, तिकडे जागा रिकामी झाली होती आणि घर त्या दिशेला होतं. यातली एकच गोष्ट असती तर मी ती बातमी बाजूला ठेवली असती.

मनप्रीत सिंग यांची गोष्ट याहून रंगतदार आहे. मांडी थोपटत रेषेबाहेरून सामना खेळणारा हा माणूस २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सचा विजेता कर्णधार होता. मग गुजरातचा कोच झाला आणि लागोपाठ दोन अंतिम सामने हरला. २०२२ मध्ये तो हरियाणा स्टीलर्सकडे आला. गुजरातने त्याच्या जागी राम मेहर सिंग यांना घेतलं, म्हणजे पाटण्याला पाचव्या हंगामात जिंकून देणाऱ्या कोचला. एक माणूस हलला की मागची रांग हलते ती अशी, आणि त्यामुळेच एका खऱ्या बदलामागून चार खोट्या अफवा निघतात. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात पुणे आणि हरियाणा समोरासमोर आले तेव्हा मानेसरातल्या मराठी माणसाची चांगलीच पंचाईत झाली असणार. मनप्रीत तिथेही हरला. पण २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत हरियाणाने बाजी मारली, ३२-२३ अशी. समोर संघ होता पाटणा, त्याने कधीकाळी ज्याचं कर्णधारपद केलं तो.

कोच जाताना बरोबर काय नेतो, याबद्दल बराच गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो गुपितं नेतो. पण आता प्रत्येक चढाई चार कोनांतून चित्रित होते. कोणता चढाईपटू बोनसला कोणता पाय टाकतो हे प्रतिस्पर्धी संघाचा लॅपटॉपवाला आधीच सांगतो. बास्केटबॉलमध्येही डावपेचांची वही फार काळ गुप्त राहत नाही. तो नेतो माणसं. सहायक कोच, फिजिओ, आणि गावोगावच्या मैदानांवरचे ते डोळे, जे सोनीपतच्या किंवा सांगलीच्या सतरा वर्षांच्या पोराला कुणाच्याही आधी हेरतात. कोणत्या खेळाडूवर ओरडलं की तो पेटतो आणि कोणता मिटून जातो, हे ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. ते कुठल्याच चित्रफितीत नसतं.

मग संघ कोचला अडवत का नाहीत? करारातच ‘प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असं लिहून घेता येत नाही का? लिहून घेता येतं, पण सगळं चालत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. न्यायालयांनी त्याचा अर्थ लावताना एक रेघ ओढली आहे, आणि ती रेघ आपल्याच कल्याणच्या कारखान्यातून गेली आहे. सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्डच्या नव्या प्रकल्पासाठी निरंजन शंकर गोळीकरी या शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार केला होता. तंत्रज्ञान परदेशी, म्हणून गुप्ततेची अट. मुदत संपायच्या आत ते जास्त पगारावर कोटा इथल्या राजस्थान रेयॉनकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला: कराराच्या मुदतीत, अट फार जाचक नसेल तर, प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्यास मनाई करता येते.

मुदतीनंतरचं काय, याचं उत्तर श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात मिळतं. पर्सेप्ट डी-मार्क या व्यवस्थापन कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. तो संपल्यावरही दुसरा प्रस्ताव आला तर आधी आपल्याला दाखवावा आणि आपण बरोबरी केली तर आपल्याकडेच राहावं, असं कंपनीचं म्हणणं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. करार संपला की असं बंधन कलम २७ खाली टिकत नाही. कोचला हे दोन्ही निकाल लागू पडतात. मुदत चालू असेपर्यंत संघाचा हात वर, मुदत संपली की कोचचा. आणि चालू असतानाही न्यायालय फार तर ‘तिकडे जाऊ नको’ म्हणेल. ‘इथेच शिकव’ म्हणणार नाही, कारण व्यक्तिगत कौशल्याच्या सेवेची जबरदस्तीने अंमलबजावणी होत नाही. मनातून उठून गेलेल्या कोचला कागदाने धरून ठेवून संघाला काय मिळणार? म्हणून बहुतेक वेळा दोघे हसतमुख फोटो काढतात आणि ‘परस्पर संमतीने’ असं लिहितात.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना क्रिकेटमधल्या चंद्रकांत पंडित यांचं नाव टाळताच येत नाही. त्यांनी मुंबईला २०१५-१६ ची रणजी जिंकून दिली. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम फेरीत गुजरातकडून हरली आणि मुंबईने दुसरा कोच नेमला. पंडित नागपूरला गेले. विदर्भाने तोवर एकदाही रणजी जिंकली नव्हती. त्यांनी लागोपाठ दोनदा जिंकली. मग ते मध्य प्रदेशकडे गेले, आणि जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामन्यात समोर कोण, तर मुंबई. याच मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते कर्नाटककडून हरले होते. या वेळी मध्य प्रदेशने सहा गडी राखून पहिली रणजी घेतली. मुंबईचे कोच होते अमोल मुझुमदार. दोघेही आचरेकर सरांच्या हाताखालचे.

दोन महिन्यांच्या आत कोलकाता नाइट रायडर्सने पंडितांना उचललं. २०२४ ची आयपीएल त्यांच्या कारकिर्दीत संघाने जिंकली, आणि जुलै २०२५ मध्ये दोघांनी निरोप घेतला. खुर्ची रिकामी झाली की परदेशातली मोठी नावं पुढे येतात. अशा वेळी मी आधी सहायकांच्या आणि जुन्या खेळाडूंच्या यादीकडे बघतो. कबड्डीत दबंग दिल्लीने सूत्रं आपल्याच विजेत्या संघाचा कर्णधार राहिलेल्या जोगिंदर नरवालकडे दिली आणि २०२५ मध्ये पुण्याला हरवून विजेतेपद घेतलं. कोलकात्यानेही बाहेर फार शोधलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाव जाहीर झालं ते अभिषेक नायरचं, आधी त्याच संघात सहायक असलेल्या मुंबईकराचं.